सूतभरचं जहाज

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आठवत असलं तर असेल. आम्ही सगळे त्याला सूतभर म्हणतो. सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आणि या गड्याच्या तोंडी दुसरं मापच नाही. चहा दिला की म्हणणार, "सूतभर कमी भरलास." लग्नाच्या फोटोत त्याची मान वाकडी आलीय, कारण फोटोवाल्याच्या मागची दाराची चौकट तिरकी होती आणि नवरदेव नवरीकडे बघायचं सोडून त्या चौकटीकडे बघत होते. थोरली पोर जन्मली तेव्हा नर्सने दुपट्यात गुंडाळून हातात दिली, तर बाप हसला नाही की रडला नाही. आधी वीत लावून बघितली.

त्याची कामाची रीत एकच. कागदावरच्या चित्रावर त्याचा काडीचा विश्वास नाही. कपाट असो, पलंग असो, आधी कारखान्याच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाचं चित्र काढायचं आणि गिऱ्हाइकाला त्यात उभं करायचं. "हं, आता दार उघडा. उघडल्यासारखं करा हो. आता वाका. आता खालच्या कप्प्यातून बूट काढा." एकदा एका जाडजूड वकिलाला त्याने खडूच्या पलंगावर आडवं केलं. कूस बदला म्हणाला, बदलली. उठा म्हणाला, तर वकील घोरत होते. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच्या कारखान्याला लागूनच आहे, त्यामुळे असली नाटकं मला रोज फुकट बघायला मिळतात.

ही रीत पलंगाला ठीक. सुट्टीला नाही. एका वर्षी डोंगरावरचा बंगला ठरला, तर याने तिथल्या रखवालदाराला फोन करून जिन्याच्या पायऱ्यांची उंची विचारली. रखवालदार फुटपट्टी शोधायला गेला तो फोनवर परत आलाच नाही. पुढच्या वर्षी तळ्याकाठचं हॉटेल. खिडकीच्या चौकटीचं माप येईपर्यंत सुट्टी संपून शाळा उघडली.

बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. दिवसभर ढोपराएवढ्या पातेल्यांत सूप ढवळायचं, ताटांच्या रांगा लावायच्या, आणि घरी येऊन तीन पोरांची तोंडं भरायची. थोरली सहा वर्षांची, मधला चारचा, धाकटी दीड वर्षाची. चालायला शिकलीच नाही, एकदम पळायलाच लागली. थोरली जन्मल्यापासून या बाईने गरम घास बसून खाल्लेला नाही. चमचा तोंडाशी न्यावा, तर कोणाचं तरी नाक वाहतंय, नाहीतर कोणीतरी बादलीत बसलंय.

या वर्षी तिने पदर खोचला. क्रूझचा रंगीत कागद त्याच्यासमोर आपटला आणि म्हणाली, "अहो, मला समुद्र बिमुद्र काही नको. दिसलाच तर बघीन. मला टेबलाशी बसायचंय, कोणीतरी वाफाळलेलं ताट आणून पुढ्यात ठेवायचंय, आणि ते गार व्हायच्या आत मला संपवायचंय. एवढं जमणार असेल तर आपण बोटीने जाऊ. आणि या खेपेला मापं काढत बसलात ना, तर पोरं तुमच्या गळ्यात बांधून मी एकटी जाईन."

सूतभर गुमान तिकिटाच्या ऑफिसात गेला. सगळी वरात घेऊन गेला.

तिकीटवाली बाई मोठी सोशिक. तिने दोन बोटी दाखवल्या. एक पांढरी, भलीमोठी, वरच्या मजल्यावरून थेट हौदात पडणारी घसरगुंडी असलेली. दुसरी निळी, आकाराने बेताची, घसरगुंडी नाही. पोरांनी घसरगुंडी बघितली आणि ऑफिसातल्या खुर्च्यांवरून तिचा सराव सुरू केला. सूतभरने पांढरीच्या केबिनचं चित्र बघितलं आणि त्याचा श्वासच अडकला. दिवसा भिंतीत मिटणारे पलंग! एकावर एक! शिडीसुद्धा मिटणारी!

"काय सांधे असतील हो आत," तो म्हणाला, आणि तंद्रीत बाईच्या टेबलाचा खण ओढून त्याच्या पट्ट्या चाचपायला लागला.

बायकोने एकच प्रश्न विचारला. "या धाकटीला सांभाळायला कोणी आहे का बोटीवर?"

"पांढरीवर मुलांचा क्लब आहे, पण तीन वर्षांपुढच्यांसाठी," तिकीटवाली म्हणाली. "निळीवर पाळणाघर आहे. एक वर्षापासून घेतात. जेवणाच्या वेळेला तर हमखास."

हे वाक्य बायकोने कानात जपून घरी आणलं. नवऱ्याच्या कानावर ते पडलंच नाही, कारण तो तेव्हा खणात डोकं घालून होता. वाटेत तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "हो हो. पण ती शिडी बघितलीस का?"

दोन्ही बोटींत एकेकच केबिन उरली होती. रविवारी दुपारी ऑफिस बंद होईपर्यंत बाई दोन्ही धरून ठेवणार होती. त्यानंतर जो येईल त्याची.

मग सूतभरने जे केलं ते तोच करू जाणे. त्याने पांढऱ्या बोटीची केबिन कारखान्याच्या फरशीवर खडूने काढली. त्यात उभा राहिला. वाकला. मग म्हणाला, "छ्या, बोट हलते. हे हलत नाही." म्हणून त्याने कपाटं ढकलायचा चाकांचा गाडा घेतला आणि त्यावर प्लायवूडची अख्खी केबिन उभी केली. भिंती, छत, मिटणारे पलंग, शिडी. चित्रात दार आत उघडत होतं, म्हणून यानेही दार आतच उघडणारं लावलं. भिंतीत एक गोल खिडकी कापली, ताटाएवढी. चित्रातला एक खिळा सोडला नाही गड्याने.

रविवारी सकाळी सगळी गल्ली लोटली. समोरचा न्हावी गळ्यात शिट्टी अडकवून आला आणि स्वतःलाच कप्तान नेमून मोकळा झाला. कोपऱ्यावरच्या पाववालीने भट्टीतले ताजे पाव आणले. सूतभर बायकोला म्हणाला, "अगं, दुपारपर्यंत पाचही जणांनी आत राहायचं. जमलं तर पांढरी. मग एक शब्द बोलणार नाही मी."

"आणि नाही जमलं तर?"

"जमणार. मी बांधलीय."

पाचही जण आत गेले, दार लागलं, न्हाव्याने शिट्टी फुंकली, आणि मी आणि आणखी दोघा-चौघांनी गाडा हलवायला सुरुवात केली. पुढे, मागे, जरा कलता. आतून पोरांच्या किंकाळ्या. मधला वरच्या पलंगावरून बूट खाली टाकत होता आणि प्रत्येक बुटाला "मासा!" म्हणून ओरडत होता. थोरली खिडकीतून तोंड काढून कोणाला ओळख न देता राणीसारखा हात हलवत होती.

"वादळ आणा!" न्हावी ओरडला.

आम्ही वादळ आणलं. गाडा गरगर फिरवला. भुशाचे ढग उठले. पाववाली हसून हसून लाकडाच्या ढिगावर बसली ती उठेचना. आणि आतून सूतभरचा आवाज आला, जरा हिरवट आवाज. "अरे... अरे लेकांनो... हळू."

"काय झालं?"

"पोटात सूतभर कसंतरी होतंय."

कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या केबिनमध्ये माणसाला बोट लागली! आम्ही गाडा सोडून पोटं धरून बसलो.

तेवढ्यात धाकटीने चड्डी ओली केली. बायको कोरडी चड्डी आणायला बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. आत सूतभरला वाटलं, ती येईपर्यंत धाकटीचा छोटा पलंग लावून टाकू. कोपऱ्यात सुटे ठेवलेले त्याचे चार पाय घेतले, आडव्या फळ्या घेतल्या, खुंट्या ठोकल्या. आणि इथे गडी फसला. हा सगळा खेळ दुपारी मोडायचा होता. पण त्याच्या हाताला आयुष्यभराची सवय: खुंटी दिसली की सरस. खिशातली बाटली काढून प्रत्येक खुंटीला सरस लावून त्याने पलंग जन्माचा पक्का करून टाकला. दाराच्या अगदी पुढ्यात, दार आणि मोठ्या पलंगांच्या मध्ये घट्ट अडकेल असा.

बायकोने दार ढकललं. दार हललं नाही.

"अहो, उघडा."

आत खुडबुड.  मग गोल खिडकीत सूतभरचं तोंड आलं. "अगं, दार आत उघडतं."

"हो. मग?"

"आत पलंग आहे."

"मग काढा."

"सरस लावलाय."

गल्लीचा हसून जीव जायचा बाकी राहिला. न्हावी शिट्टी फुंकायला गेला आणि शिट्टीत हसला. मी भिंतीवरची करवत उचलली, तर खिडकीतून असा आवाज आला की जणू कोणी त्याच्या पोटच्या पोराला उचललंय. "ठेव! ठेव ती! दात वाकवशील तिचे! माझ्या करवतीला कोणी हात लावायचा नाही!"

"अरे, मग बाहेर कसा येणार?"

"विचार करू दे."

तो विचार करत असताना मधला त्याच्या पाठीवर चढला, थोरलीने सांगितलं की तिला भूक लागलीय, आणि धाकटीने, चड्डीशिवाय, सगळ्या केबिनभर धावपळ मांडली. सगळी केबिन म्हणजे चार पावलं. बायकोने चड्डी खिडकीतून आत दिली. "घाला तिला."

"मी?"

"दुसरं कोण आहे तिथे?"

मग बाई उभीच राहिली. हातात काही नाही, कडेवर कोणी नाही, पदराला कोणी लोंबकळत नाही. कुठे जावं तेच तिला कळेना. पाववालीने ढिगावरून सरकून जागा केली आणि अजून वाफ निघणारा पाव तिच्या हातात दिला. न्हाव्याने केटलीतला चहा दिला. बाई बसली. फुंकर मारायची सवय नव्हती, कारण चहा कायम गारच मिळालेला. पहिल्या घोटाला जीभ भाजली.

"आई गं!" ती म्हणाली, आणि इतकी हसली की चहा अंगावर सांडला.

"वहिनी, काय झालं?" न्हावी घाबरला.

"गरम आहे!" ती म्हणाली. "मेला गरम आहे!"

तिने अख्खा पाव बसून खाल्ला. सावकाश. दुसरा घेतला. खिडकीतून हाका येत होत्या, "आई, याने माझा पाय धरलाय," "आई, बाबांना उलटी होतेय," आणि ती चावत चावत म्हणाली, "बाबांना सांगा."

"अगं, बाबा मीच आहे!"

"मग स्वतःलाच सांगा."

पाव संपवून ती उठली, हात झटकले आणि चपला घातल्या.

"कुठे चाललीस?" खिडकीतलं तोंड म्हणालं. "अगं, ऐक, पांढरी घेऊ नकोस! पलंग लावला की दार उघडत नाही! मीच सांगतो तुला!"

"मी काय सांगत होते ते ऐकलं होतं का तुम्ही?"

"काय सांगत होतीस?"

"बघा," ती आम्हाला म्हणाली आणि निघून गेली.

ती ऑफिसात जाऊन येईपर्यंत कप्तानाने जहाजाचा ताबा घेतला होता, म्हणजे खिडकीतून पाव आत टाकत होता. सूतभरने आत धाकटीला चड्डी घातली होती. उलटी घातली होती, पण घातली होती. मधल्याला गोष्ट सांगितली, थोरलीचा पाय सोडवला, आणि हातात आलेला पाव तोंडाशी नेला की प्रत्येक वेळी कोणीतरी काहीतरी सांडत होतं. शेवटी तो पाव त्याने गार, अर्धा चावलेला, उभ्या उभ्याच गिळला.

बायको आली. सरळ भिंतीपाशी गेली आणि करवत काढली.   दाराच्या फटीतून तिने पातं आत घातलं.

"जरा तिरकी धर," तो हळूच म्हणाला. "हं. ओढ. दाबू नकोस, नुसती ओढ. सूतभर डावीकडे. हं, शाब्बास."

पलंगाचा पाय कापला गेला, दार उघडलं, आणि तीन पोरं तोफेतून सुटावी तशी बाहेर पडली. मागून भुशाने माखलेला, चेहरा दुधीसारखा झालेला सूतभर.

"कोणती घेतलीस?"

"निळी."

"घसरगुंडी!" मधल्याने टाहो फोडला.

"घसरगुंडी इथे करून देतील तुझे बाबा. सरस लावून," ती म्हणाली. "निळीवर पाळणाघर आहे. धाकटी तिकडे. तुम्ही दोघांना घेऊन खेळांच्या खोलीत. आणि जेवणाच्या वेळी मी एकटी टेबलाशी बसणार. ताट संपलं की येईन."

 सूतभरने मान डोलावली. चार पावलांच्या केबिनमधून नुकताच बाहेर आलेला माणूस वाद कशाला घालतोय!

बाईने फरशीवरून खडू उचलला. केबिनच्या चित्राशेजारी, मोकळ्या जागेत, एक चौकोन काढला आणि त्यात उभी राहिली.

"हे माझं टेबल, ही माझी खुर्ची. यात कोणी पाय ठेवायचा नाही. बोटीवरही नाही आणि घरीही नाही."

धाकटी लगेच पाय ठेवायला पळाली. सूतभरने तिला वरच्यावर उचललं, काखेत धरलं आणि वाकून चौकोनाकडे बघितलं. मग बायकोच्या हातातून खडू घेतला.

"लहान काढलास," तो म्हणाला. "कोपर टेकायला जागा नाही."

आणि गुडघ्यावर बसून त्याने तो चौकोन चारही बाजूंनी वाढवला. सूतभर नाही. चांगला हातभर.