कवडीवर वाकलेले तोंड

बिस्किटांचा पुडा पुढे केला, की ते चिनी मास्तर सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर एक अक्षर काढत आणि मगच दोन बिस्किटे उचलत. “लोभ,” ते गंभीरपणे म्हणत, “आधी कबुली द्यावी, टीचर.” तुम्हीही हे विसरला नसता.

परदेशात, ओंगार नावाच्या वस्तीतल्या सभागृहात शनिवारी मी मराठीचा वर्ग घेई. शेजारच्या खोलीत ते चिनी लेखन शिकवत. मधल्या सुटीत मी त्यांची विद्यार्थिनी होई.

लोभाच्या त्या अक्षराची फोड त्यांनी अशी सांगितली: खाली कवडी, म्हणजे जुन्या काळचे धन, वर पालथे तोंड. वरचा भाग केवळ उच्चारासाठी आहे, असेही काही अभ्यासक मानतात. त्यांना मात्र तोंडच पटे. “पुढे तोंड कवडीला विसरले.” झोपेचा लोभ, खेळाचा लोभ, सगळ्यांना हेच अक्षर चालू लागले. शेवटी जगण्यालाही. “जगण्याचा लोभी म्हणजे भित्रा. शिवी आहे ती!”

त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी शुभेच्छापत्र तयार केले. त्यांनीच शिकवलेल्या तीन अक्षरांत त्यांचे नाव लिहिले, आणि आपल्या रीतीप्रमाणे कुंकवाने.

ते पाहताच त्यांनी हात मागे घेतला. “टीचर, लाल रंगात आमच्याकडे मेलेल्याचे नाव लिहितात.”

मी ओशाळले. “आमच्याकडे तो रंग मंगल असतो.”

“तुमच्या देवांना माझा पत्ता ठाऊक आहे का?” त्यांनी हसून पाहिले, पत्र मात्र हाती घेतले नाही. “काळ्या शाईने लिहा, जिवंताचे. रोज सकाळी. हवे तर मला भित्रा म्हणा.”

मी रोज लिहू लागले. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आशा सोडल्याचे त्यांच्या मुलीने कळवले. तरी ते महिनाभर टिकले. मग एका मंगळवारी गेले. बातमी कळल्यावरही मी लिहीतच राहिले. थांबायला मन धजेना.

आठवड्याने सकाळीच मुलीचा फोन आला.

“सॉरी, टीचर. तुम्ही अजून बाबांचे नाव लिहिता का?”

मी लेखणी कागदावरून उचलली.

“ते रोज या वेळी खुर्चीत येऊन बसतात. बोलत नाहीत. फार दमलेले दिसतात. त्यांना जाऊ द्या ना.”

मी होकार दिला आणि फोन ठेवला. समोरच्या कागदावर दोन अक्षरे लिहून झाली होती. तिसरे मी सावकाश, वळणदार, पूर्ण केले.