एक रेशनकार्ड, एक ग्रुप

कळंबोलीच्या शाळेतल्या एका बाईंनी माझी नोकरी वाचवली, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचताना माझा राग येईल, तेव्हा एक तरी चांगलं माणूस यात आहे एवढं लक्षात असू द्यावं.

मी नववीत शाळा सोडलेली. गाव हिंगोलीकडचं. पनवेलला आले ती नवऱ्याच्या मागे. त्याचं उरणचं कंत्राटी काम सुटलं आणि मी टायपिंगच्या जोरावर एका कर सल्लागारांच्या ऑफिसात लागले. एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर, खाली भांड्यांचं दुकान. मुलाखतीत साहेबांनी दोनच गोष्टी विचारल्या. शिक्षण किती, आणि पनवेलमध्ये नातेवाईक कोण.

"नववी," मी म्हटलं. "नातेवाईक कुणी नाही."

"सासरचं? माहेरचं? लांबचं?"

"सगळे लांबच आहेत."

"उद्यापासून या."

याचा अर्थ नंतर कळला. ऑफिसात तीन शिकाऊ पोरं, तिन्ही बीकॉम, तिन्ही इथलीच. प्रत्येकाचा मामा नाहीतर आत्या कुठल्या ना कुठल्या क्लायंटच्या घरात. त्यांच्यातल्या एकाने एका मिठाईवाल्याचं खरं उत्पन्न त्याच्या होणाऱ्या व्याह्याला सांगितलं. लग्न मोडलं आणि दोन्ही क्लायंट गेले. तेव्हापासून कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड अशा माणसाकडे द्यायचा, ज्याला गावात कुणी ओळखत नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. म्हणजे मी.

टॅक्स प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर होतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कोणत्या पोराने कोणाची फाइल उघडायची, कोणी नुसती बघायची, कोणी बदलायची, आणि कोणत्या क्लायंटला कोणाच्या कराच्या हिशेबाचा कागद छापून द्यायचा, हे ठरवत साहेब, पण भरत मी. वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. सोबत एक लांबडी वही. वहीत क्लायंटची सही असल्याशिवाय त्याचा कागद दुसऱ्या कुणाला, अगदी बायकोलाही द्यायचा नाही. आणि चुकून दिला गेला, तर देणाऱ्याने त्याच दिवशी कायमचं घरी जायचं, हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"ताई, जरा उघडा ना, आमच्या काकांचंच आहे," पोरं म्हणत.

"काकांची सही आणा."

"काका वारले."

"मग वारसाची आणा."

पोरं हसत. मी विनोद करत नव्हते. मला नोकरी जायची भीती वाटायची. घरात पगार एकच येत होता.

एका जानेवारीत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, सात फ्लॉप्यांवर. पूर्वी प्रत्येक माणूस सुटा होता. आता ग्रुप आले. घरातली माणसं एका ग्रुपात टाकायची, एकाला प्रमुख करायचं, मग प्रमुखाला एका बटणात सगळ्या घराचे कागद. साहेब मुंबईला निघाले होते. जिन्यातून म्हणाले, "ग्रुप करून ठेवा, फॅमिलीवाइज."

फॅमिलीत कोण कोण धरायचं, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं की नववी बाहेर येते, असं मला सारखं वाटायचं. आमच्याकडे कुटुंब म्हणजे रेशनकार्ड. चूल वेगळी तर कार्ड वेगळं. फायलींत पत्त्याच्या पुराव्याला रेशनकार्डांच्या झेरॉक्स होत्याच. त्या बघून मी तीन दिवसांत सगळे ग्रुप केले. एक रेशनकार्ड, एक ग्रुप. काम फार सुबक झालं असं मला वाटलं.

त्यातल्या एका कार्डावर प्रमुख म्हणून तांदळाचे एक व्यापारी होते आणि चौथ्या ओळीत त्यांची सून. सून म्हणजे त्या शाळेतल्या बाई. त्यांना रोडपालीला स्वतःच्या नावावर फ्लॅट घ्यायचा होता आणि करार होईपर्यंत घरात कळू द्यायचं नव्हतं. वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोणालाही नाही.' मीही त्यांच्या नावापुढे एन भरला होता. ग्रुप केला की प्रमुखाचा वाय सगळ्यांच्या एनवर चढतो, हे मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत बाईंचे सासरे आले आणि दर वर्षीसारखे घराचे कागद मागितले. मी बटण दाबलं. प्रिंटर करकरला, चार कागद निघाले, मी टाचणी लावून दिले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. चौथा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"पुढच्या वर्षाच्या अंदाजात गृहकर्जाचं व्याज," ते म्हणाले. "कुठलं गृह?"

साहेबांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. "कुणी दिला?"

"मी."

"वही आणा."

वही काय सांगणार ते मला पाठ होतं. साहेब ओरडले नाहीत. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं ते आठवतंय ना," म्हणाले, आणि शाळेत फोन लावला.

बाई शाळा सुटल्यावर आल्या. बोटांना खडू तसाच. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"मॅडम, आमच्याकडून गंभीर चूक झालीय," साहेब म्हणाले. "यांना आजच आम्ही..."

"चूक कसली? मीच सांगितलं होतं यांना, मामंजींना कागद द्या म्हणून. घरी तोंडाने सांगायला जमेना."

"वहीत तर उलटं आहे."

"ते आधीचं. नवी सही राहिली. आणा, करते."

"म्हणजे तू मला सांगणारच होतीस?" सासरे म्हणाले.

"सांगितलंच की. कागद मिळाला ना?"

"शाळेत पोरांनाही असंच शिकवतेस वाटतं."

"पोरं इतकं विचारत नाहीत, मामंजी."

त्यांनी सही केली आणि खाली त्याच दिवसाची तारीख घातली. साहेबांनी तारीख पाहिली, वही मिटली आणि चहा सांगितला.

सासरे पुढे गेले तेव्हा मी बाईंना जिन्यात गाठलं. "बाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"किती शिकलीस?"

"नववी."

"वाटलंच. वर्गात एक असते अशी. कुणी विचारायच्या आधीच शिक्षेला उभी राहते."

"पण तुमचा फ्लॅट?"

"बघू त्याचं. तू आधी ते ग्रुप नीट कर."

मी केले. या वेळी प्रत्येकाला वेगवेगळं विचारून. रेशनकार्डावरच्या बऱ्याच जणांना ग्रुप नको होता, असं निघालं. नोकरी टिकली. पुढे नवऱ्यालाही काम लागलं, पण मी तिथेच राहिले.

बाईंचा फ्लॅट झाला. घरात कळल्यावर मात्र सगळ्यांना मत आलं. करार लांबला, आणि झाला तो दोघांच्या नावाने. पहिलं नाव त्यांच्या नवऱ्याचं, दुसरं बाईंचं. हप्ता बाईंच्या पगारातून. ती नोंद मीच भरली. बाई समोर बसून स्पेलिंग सांगत होत्या, आणि मी टाइप करत होते.

त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं ते माझ्यामुळे. हे मी त्यांना अजून तोंडावर म्हटलेलं नाही. नावं बदलून घेता येतात. त्याला अर्ज लागतात, बँकेत, सोसायटीत आणि रजिस्ट्रारकडे खेटे घालावे लागतात, आणि ते खेटे आता मला चांगले माहीत आहेत. बाई, ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, त्या दिवशी मी ते सगळे घालीन. तुम्ही फक्त सहीला या.