खालून वर वाचणारी भिंगबाई

सरकारी छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. काम मुद्रितं तपासायचं, आणि नजर अशी की तुटलेली वेलांटी तिला लांबूनच दिसायची. तिची खोड एकच. मजकूर ती खालून वर वाचायची. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, आणि ओळीतही शेवटच्या शब्दापासून मागे मागे. नव्या माणसांना दटावायची, "अर्थ कळायला लागला की डोळा धावतो, आणि चूक निसटते. अर्थाचं मंत्री बघतील. आपण अक्षरं बघायची." लोक हसायचे. हसा बापडे! तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही कायद्यात कधी चूक निघाली नव्हती, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

नवरा वायरमन. दोघांचे धर्म वेगळे, म्हणून लग्न कचेरीत जाऊन नोंदवलेलं. दोन्हीकडच्या नातलगांनी तेव्हाच पाठ फिरवली. सख्खा दीर तर समोरून दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. मूलबाळ नव्हतं, पण संसार झकास चालला होता. ती भांडायची, तो चहा टाकायचा, आणि चहाबरोबर भांडण संपायचं.

मग निवडणूक झाली, धर्मसभेच्या बड्या मंडळींना मंत्रिमंडळात खुर्च्या मिळाल्या, आणि लग्नाचा नवा कायदा आला. दोन धर्मांतलं लग्न यापुढे लग्नच नाही म्हणे.

"देवाला दुसरा कामधंदा नाही का?" भिंगबाई कडाडली. "लोकांच्या स्वयंपाकघरात कशाला डोकावतोय?"

"देव कुठला डोकावतोय? ही माणसं डोकावतायत," नवरा म्हणाला. "आणि आपल्याला काय त्याचं? आपलं कधीच उरकलंय."

तोच कायदा तिच्या टेबलावर आला. राग होता, पण कामात कुचराई करेल ती भिंगबाई कसली! डोळ्यांत तेल घालून तिने तो तपासला. खालून वर. बऱ्याच चुका निघाल्या. सगळ्या दुरुस्त केल्या, सही ठोकली आणि कागद पुढे पाठवला.

त्यानंतर काही दिवसांनी नवरा शिडीवरून पडला.

ती इस्पितळात पोचली तेव्हा तो बेशुद्ध होता. डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्त साकळलंय. लगेच ऑपरेशन करायला हवं. बाहेर सही करून या." ती धावत खिडकीशी गेली. कारकुनाने दोघांची ओळखपत्रं पाहिली, धर्माचा रकाना पाहिला आणि पुढे केलेला कागद मागे ओढला.

"तुम्ही यांच्या कोण?"

"कोण म्हणजे? बायको!"

"कायद्याने नाही, बाई."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तो कायदा पुढच्या लग्नांना आहे!"

कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने राजपत्र तिच्यासमोर ठेवलं आणि सातव्या कलमावर बोट टेकवलं. यापूर्वी झालेली लग्नंही रद्द, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. "माझी नोकरी जाईल हो," तो हळूच म्हणाला. "रक्ताचं कोणी असेल तर बोलवा. लवकर."

हे पान तिच्या हाताखालून गेलं होतं! या ओळीवरून तिचं बोट फिरलं होतं, शब्दाशब्दावर थांबलं होतं. आणि तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. अरे देवा! मुलखावेगळी हुशारी ती, हीच का?

तिने दिराला फोन लावला. एवढ्या वर्षांनी. तो आला, धापा टाकत आला, सही केली. शस्त्रक्रिया विभागाच्या दारात पहारेकऱ्याने त्याला आत सोडलं आणि तिच्यापुढे हात आडवा धरला.

"फक्त नातेवाईक."

"अहो, त्या वहिनी आहेत माझ्या," दीर म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. पहारेकऱ्याने मान हलवली. दार बंद झालं.

राजपत्र अजून तिच्या हातातच होतं. ती बाकावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. वरून खाली, अर्थ लावत. एखादा शब्द गळलेला असेल, एखादा आकडा चुकलेला असेल, ज्याच्यावर बोट ठेवून भांडता येईल असं काहीतरी असेलच की! सातवं कलम तिने पुन्हा पुन्हा वाचलं.

एकही चूक नव्हती. होत्या तेवढ्या तिनेच काढल्या होत्या.