पुण्याला न गेलेली मुलगी

डॉक्टर म्हणाले, "हा आळस नाही आणि ढोंगही नाही. याला सोशल विथड्रॉवल म्हणतात. माणूस हळूहळू स्वतःला माणसांतून काढून घेतो. सोबत डिप्रेशनही असावं, म्हणजे मनाचा आजार. पण मुलगी कुठे आहे?"

मी मान खाली घातली. मुलगी अकोल्याला घरात होती. मी एकटीच एसटीने अमरावतीला आले होते, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून.

"तिला आणा. न बघता औषध देता येत नाही."

तिला आणणं हेच तर होत नव्हतं.

प्रणाली कॉलेज अर्धवट सोडून घरी आली होती. आधी ती जेवायला बाहेर येईना, मग आंघोळही टाळू लागली. दिवसभर खोलीत लॅपटॉपवर एक जपानी चित्रांची मालिका बघायची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी दाराशी ताट ठेवायची. अर्धं ताट तसंच परत यायचं.

तिचे वडील अकोटला जिनिंगमध्ये कामाला. त्या वर्षी कापूसच नव्हता, म्हणून तेही घरी बसलेले. लोक विचारू लागले तेव्हा पोरीच्या लग्नाच्या काळजीने त्यांनी गल्लीत सांगून टाकलं, पोरगी पुण्याला मावशीकडे शिकायला गेली. मग आम्ही तिची खिडकीही लावून घेतली.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापड पाळीपाळीने लाटतात. सगळ्या बायका पोळपाट घेऊन एकेकीच्या घरी जमतात. मी सगळ्यांकडे जायची. आमची पाळी आली की पाठ दुखते म्हणायची.

अमरावतीहून परतल्यावर मी पहिल्यांदा आत जाऊन तिच्या पायाशी बसले. "चाल माय माही, एक डाव डॉक्टरकडे."

तिनं वर पाहिलंही नाही. "मी कशी येऊ? मी त पुण्याले आहो ना."

तिला सगळं ऐकू येत होतं. ती जिवाचं काही करून घेईल या भीतीनं मी त्याच दिवशी तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली. भाजी चिरता चिरता उठून बघून यायची, श्वास चालू आहे ना.

पुन्हा एकटीच अमरावतीला गेले. दवाखान्याच्या बाकांवर खेड्यांतली माणसं दाटून बसली होती, कोणाला रात्र रात्र झोप नाही, कोणी घरात बोलायचंच सोडलेलं. मला वाटलं, सगळा मुलूखच आजारी आहे, माझ्या पोरीकडे कोण बघणार? डॉक्टर म्हणाले, "ती मालिका बंद करू नका. तिच्याजवळ बसून बघा."

मी बसले. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, आणि मी चौथी शिकलेली.

"ते पोरगी काय म्हणून राहिली?"

प्रणाली सांगू लागली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज इतका वेळ ऐकला. मालिकेतली मुलगी खोलीबाहेर निघत नव्हती. तिची आई दाराशी ताट ठेवून परत जायची.

"ते माय आत कावून जात नाई वो?"

"तू कावून येत नवती?"

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत सांगितलं, पापड आमच्या घरी.

बायका बसल्या आणि मी लाटणं खाली ठेवलं. चारचौघींत मी कधी बोलत नाही. "प्रणाली पुण्याले गेलीच नाई. आत आहे. बिमार आहे."

लाटणी थांबली. शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "माईत आहे वो. पुण्याच्या पोरीचे कुर्ते तुया दोरीवर वाळून राहिले, आमी काय आंधळ्या आहो?"

एकजण फिसकन हसली. मी रडत होते. "मंग बोलल्या कावून नाई?"

"तूच बोलली नाई, त आमी कसं बोलाव?"

काकूंनी उडदाची एक लाटी तेलात बुडवली आणि दाराच्या फटीशी नेऊन धरली. "घे वो बाई. लाटाले नको येऊ, खाऊन त पाह्य."

आम्ही सगळ्या दाराकडे बघत होतो. मग नखं वाढलेला एक हात बाहेर आला आणि लाटी घेऊन गेला.

काही दिवसांनी ती माझ्यासोबत अमरावतीच्या एसटीत बसली, ओढणीनं तोंड झाकून. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. काही दिवस दार पुन्हा लागतं, आणि मला पुन्हा तीच भीती वाटते.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण असंच कोणी तुमच्या घरात असलं आणि हा कागद तुमच्या हाती लागला, तर ताट दाराशी ठेवू नका, आत घेऊन जा. शेवंताकाकूंचे उपकार मी विसरणार नाही. आता कोणी विचारलं, पोरगी कुठे आहे, तर मी सांगते, घरीच आहे.