व्याह्यांच्या लाटा

कामातिएचा भरवसा दोनच गोष्टींवर होता, स्वतःच्या होडीवर आणि स्वतःच्या संशयावर. होडी जुनी झाली होती. संशय मात्र रोज सकाळी नवाकोरा असे.

सध्या तो व्याह्यांवर होता. व्याही बाउरो नोनोउटी बेटाच्या कौन्सिलात कामाला होते, आणि राजधानीहून वायरलेसवर आलेला हवामानाचा निरोप रोज भोंग्यावरून गावाला वाचून दाखवत. आठवडाभर एकच पाढा चालला होता: प्रवाळाच्या रांगेतल्या खिंडीजवळ मोठ्या लाटा, लहान होड्यांनी रांगेबाहेर जाऊ नये.

"वारा नाही आणि लाटा?" कामातिए बायकोला म्हणाला. "आल्या कुठून, बोटीत बसून?"

"लांब कुठे वादळ झालं असेल," खोबरं खवता खवता रोतिया म्हणाली. "त्याच्या लाटा इथवर येतात. लग्न झालं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं."

"तेव्हा मला व्याही नव्हते."

व्याह्यांनी लाटा रचण्याचं कारण त्याच्या मते उघड होतं. शनिवारी दोघांच्या नातीचा पहिला वाढदिवस. गावच्या मोठ्या छपराखाली, चारचौघांत, कामातिएने बाहेरच्या खोल समुद्रातला कुप्पा मासा वाढायचा शब्द दिला होता आणि बाउरोंनी डुक्कर. मासा आला नाही तर पंगतीत एकटं डुक्कर मिरवणार, आणि डुकरामागे बाउरो.

'तुम्ही स्वतः चोरून बाहेर जाता का?' एवढं विचारलं की भागलं असतं. पण कोण कुठे मासे मारायला जातो हे बेटावर विचारत नाहीत. विचारलं की जाळं रिकामं येतं. म्हणून कामातिए व्याह्यांच्या होडीवर हात फिरवून आला. होडी ओली होती.

"पहाटे सर येऊन गेली," मागून बाउरोंचा आवाज आला. "तुमचीही भिजली असेल."

घरी येऊन बघितलं तर खरंच भिजली होती. पण तिच्यावर त्याचा संशय नव्हता.

शुक्रवारी पाणी ताटात ठेवल्यासारखं निवांत पडलं होतं. कामातिएने होडी पाण्यात ओढली. रोतियाने भाजलेल्या नीरफणसाचा तुकडा पानात बांधून दिला, विचारलं काहीच नाही, फक्त पान जरा जोरात आवळलं.

बाउरोंनी कौन्सिलच्या दारातून हे पाहिलं. कुठे निघालात, असं त्यांनाही विचारता येईना. भोंगा खरखरला. "खिंडीजवळ मोठ्या लाटा." कामातिए वल्हवत राहिला. "पुन्हा सांगतो, मोठ्या लाटा." कामातिएने पाठ फिरवली. भोंगा खाकरला. "विशेषतः नातवंडं असलेल्यांनी जाऊ नये."

"हे राजधानीहून आलेलं नाही," कामातिए पुटपुटला, आणि या वेळी त्याचा संशय अगदी खरा होता.

खिंडीपाशी मात्र समुद्र आवाज न करता उचलला जाऊ लागला. एक हिरवी भिंत गावच्या छपराएवढी उभी राहिली आणि तिच्या पायाशी तळाचं प्रवाळ उघडं पडलं. ती पुढ्यातच फुटली म्हणून कामातिए वाचला. फेसाने होडी गर्रकन फिरवली आणि तोल सांभाळणारी बाजूची उलांडी तडकली. अर्धा रस्ता तो पाणी उपसत परतला.

किनाऱ्यावर बाउरो कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी होडी धरली, रिकाम्या तळाकडे एकदा बघितलं आणि लगेच आभाळाकडे.

"ऊन बरं पडलंय," ते म्हणाले.

कामातिए धापा टाकत काठावर बसला. उद्या गावासमोर रिकाम्या हाताने बसायचं म्हणजे... मग त्याला आठवलं की नात्यातल्या माणसाने तोंडावर मागितलेल्या वस्तूला बेटावर कुणी नाही म्हणू शकत नाही.

"व्याही, मागणं आहे. तुमचं अर्धं डुक्कर."

बाउरोंनी विचारलं, "कुठलं अर्धं?"

"मागचं."

"घ्या."

शनिवारी पुढचं अर्धं बाउरोंच्या नावाने वाढलं गेलं आणि मांड्यांसकट मागचं कामातिएच्या. नात चटईवर बसून दोन्ही हातांनी दोन्ही आजोबांचं खात होती. कामातिएने मात्र घास उचलला नव्हता.

"जेवा की," रोतिया म्हणाली.

"मांड्या दिल्या त्याने. एका शब्दात. का दिल्या असतील?"

"तुम्ही मागितल्यात म्हणून."

"तेच तर. आता मागायची पाळी त्याची."

समोर बाउरो हात पुसून छान हसले आणि उठून सरळ कामातिएकडे यायला निघाले.