सरासरी एकाच्याही आत

माझे यजमान रास अल खैमात सिरॅमिकच्या कारखान्यात होते. गुरुवारी संध्याकाळी शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या घरी यायचे आणि शनिवारी पहाटे परत जायचे. तिकडे कायमचा मायदेशी निघालेला माणूस सामान वाटून जातो. कुणाला कुकर मिळतो, कुणाला टेबलफॅन. ह्यांना एका अमेरिकन इंजिनिअरकडून जाडजूड पुस्तक मिळालं, बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातल्या एका थोर फलंदाजाचं चरित्र. दुसरं कुणी ते घेईना, म्हणून.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघात नुकती गेली होती. तो खेळ बेसबॉलचाच धाकटा भाऊ. ह्यांनी जन्मभर शुक्रवारच्या क्रिकेटचा स्कोअर लिहिलेला, त्यामुळे लेकीशी बोलायचं कसं हे त्यांना कळेना. ते पुस्तक वाचू लागले आणि एका वहीत मराठीत उतरवू लागले, मधूनमधून स्वतःच्या नोंदीही करत. पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवायचं, तोवर सांगायचं नाही, अशी मला तंबी होती.

पुस्तक निम्मं झालं असताना ते गेले. कामावरच, हृदयविकाराने.

मी शाळेत ग्रंथपाल होते, माझा व्हिसा माझ्या नोकरीवरचा होता, ह्यांच्यावर अवलंबून नव्हता, म्हणून आम्ही दोघी तिथेच राहिलो. चार महिन्यांनी एका संध्याकाळी तिने बॅट कपाटामागे टाकली.

"आय ॲम क्विटिंग, आई. खलास."

"का गं?"

"आय गेट आउट एव्हरी टाइम. बाबा असते तर त्यांना लाज वाटली असती."

मला खेळातलं काही कळत नाही. पण तिचा खेळ सुटला तर वडिलांबरोबरचं तिचं उरलंसुरलं बोलणंही सुटेल, एवढं कळत होतं. मी वही काढली. तिला मराठी वाचता येत नसे, म्हणून मीच वाचू लागले.

"'आज ह्याची सरासरी पाहिली. पूर्ण एकसुद्धा नाही. डावाला एक धाव न काढणाऱ्याला थोर म्हणतात? आपल्याकडे ह्याला अकराव्या नंबरवरही कुणी पाठवणार नाही. इंजिनिअरने मला बनवलं.'"

ती हसू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आई, ही थॉट इट्स रन्स! ते रन्स नसतात. किती वेळा बॅटिंगला गेलास आणि किती वेळा नीट मारलंस, ते असतं."

"मग हा दहा वेळा गेला तर किती वेळा मारायचा?"

"तीन. चांगला सीझन असेल तर चार."

"आणि बाकीच्या सहा वेळा?"

मी पान उलटलं. पुढच्या आठवड्याची नोंद होती. "'चूक माझी. हा माणूस दहातून सहा-सात वेळा हात हलवत परत यायचा आणि तरी लोक त्याला बघायला लांबून यायचे. म्हातारपणी नव्या पोरांना शिकवायचा. बाद होऊन आलेल्याला शेजारी बसवून एवढंच विचारायचा, चेंडू कसा आला होता? त्याचे आकडे पुढे कुणीतरी मोडले. हा प्रश्न मात्र त्याच्या पोरांनी आपल्या पोरांना विचारला. हे पिल्लूला सांगायचं.'"

पिल्लू उठून आत गेली. कपाट सरकवल्याचा आवाज आला.

शुक्रवारी दुबईतल्या सामन्यात ती तीनदा बॅटिंगला उभी राहिली. दोनदा बाद झाली. तिसऱ्यांदा चेंडू लागला, पण तोही कुणीतरी झेलला. परतताना टॅक्सीत मी चाचरत विचारलं, चेंडू कसा आला होता. दुबई-शारजा रस्त्यावरच्या गर्दीत आम्ही तासभर अडकलो होतो, आणि तो सगळा तास ती बोलत होती, इंग्रजीत, हातवारे करत. मला निम्मंच समजलं.

घरी आल्यावर तिनेच पुस्तक मागितलं. उरलेला भाग तिने वाचून सांगायचा आणि मी वहीत मराठीत लिहायचा, असं ठरलं. ती भराभर वाचे. "हळू, हबीबी," मी म्हणायची, "मला ओळ तरी संपवू दे."