मुद्देमालातली हिरवी बाटली

ती घटना आठवायला मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागत नाहीत. उन्हातून चालून यावं, घसा कोरडा पडावा, कुणी पाण्याचा तांब्या पुढं करावा, की ती आपोआप डोळ्यांसमोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले कितीतरी आता नीट आठवतही नाहीत. तीन म्हशींची ही साधी केस मात्र जात नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्याकडच्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. काय दिवस होते ते! पत्र्याचं ठाणं, दारात कडुनिंब, सकाळच्या हजेरीआधी झाडाखाली चहाची किटली. जीप एकच, तीही धक्का मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. आरोपीला कोर्टात न्यायचं असलं की पहिला धक्का त्यालाच मारायला लावायचो. चोरसुद्धा हसायचे. आता नवी इमारत झाली आहे, गाड्या चांगल्या आहेत, पण तो कडुनिंब तोडला. मला त्याचं वाईट वाटतं.

दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस त्या साली लवकर पाठ फिरवून गेला होता आणि ऊन असं की टोपी काढली तर डोकं तापावं. दुपारी देवगाव फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबरी. चहा पातळ करायचा, पण खबर कधी पातळ दिली नाही.

"साहेब, तळ्यावर तीन म्हशी मेल्यात. विष घातलंय म्हनायलेत लोक. शिंगाडेवालीच्या छपरात औषधाची बाटली हाय म्हनं. लवकर या, गाव लय तापलंय."

आमच्याकडं औषध म्हणजे फवारणीचं कीटकनाशक. मी दोन अंमलदार आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना घेऊन निघालो.

तळं निम्मं भरलेलं होतं. मावळतीच्या कोपऱ्यात काठाला तीन म्हशी आडव्या पडल्या होत्या. तिथलं पाणी हिरवंगार, रंगाचा डबा सांडल्यासारखं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण तळं म्हटलं की शेवाळ आलंच. म्हशींचा मालक गावातला वजनदार शेतकरी, पण एका म्हशीच्या कपाळावर हात ठेवून लेकरासारखा रडत होता.

"चार दिस झाले साहेब. तिनं पारावर उभं राहून, सगळ्या गावादेखत सांगितलं व्हतं, तुझ्या म्हशी वाचनार न्हाईत म्हनून. अन् बगा!"

ती म्हणजे तळ्यात शिंगाड्याचे वेल लावणारी बाई. पन्नाशीची, विधवा. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. तळ्याची उगवतीकडची बाजू तिच्या सासऱ्यापासून शिंगाड्याला होती. डोक्यावर टोपलं घेऊन सेलूच्या बाजारात उकडलेले शिंगाडे विकायची. त्या साली ऐन हंगामात या मालकाच्या म्हशी पाण्यात उतरून तिचे वेल तुडवत राहिल्या. सांगून दमली आणि शेवटी पारावर जाऊन तोंड सोडलं.

तिच्या छपरात खरंच औषधाची अर्धी बाटली मिळाली. "वेलावरल्या किड्यासाठी आनलंय," ती म्हणाली. तिनं लपवलंही नव्हतं. आम्ही झडती घेत असताना ती आत गेली आणि तांब्या भरून आणला.

"हापशाचं हाय साहेब. उन्हाचं आलात, घ्या."

माझ्या जिभेला कोरड पडली होती. पण दारात पंच उभे होते, त्यांच्या मागं गाव उभं होतं आणि सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी म्हणालो, "नको, आत्ताच प्यालो." खोटं बोललो. तिनं तांब्या खाली ठेवला.

पंचनामा केला. घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढला. हिरव्या पाण्याच्या तीन बाटल्या भरून, पंचांच्या सह्या घेऊन लाखेनं सील केल्या. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिव्हर रक्तानं सुजलंय. पण औषधाचा वास कुठंच येत नाही." दोन बाटल्या आणि व्हिसेरा प्रयोगशाळेला गेला. तिसरी बाटली ठाण्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला चौकशीला बोलावलं. महिला पोलीस शेजारी बसवली. दिवस मावळायच्या आत बाईला घरी सोडायचं, हा कायदा आणि माझाही शिरस्ता. मी तयारीनं बसलो होतो, पण पहिल्याच प्रश्नाला ती म्हणाली, "व्हय साहेब, म्याच मारल्या."

लेखनिकानं लगेच पेन उचललं.

"कशानं मारल्या?"

"तोंडानं."

मी टेबलावर हात आपटला. "पोलिसांची थट्टा करायलीस का?"

"थट्टा न्हाई साहेब. मी बोलले अन् चौथ्या दिशी मेल्या. मुकं जनावर ते. त्याचा काय गुन्हा? मालकाला बोलायचं सोडून मी जनावराला बोलले." असं म्हणून ती इतकी रडली की महिला पोलिसालाही रडू फुटलं. "आता कुनी माझ्या हातचं पानीबी घेईना. शिंगाडे टोपल्यात सडायलेत. मला आत टाका. पन सासूला कोन भाकर देईल तेवढं सांगा."

पोलिसाला माणसं वाचता येतात, अशी आमची घमेंड असते. खरं रडणारा आरोपी मी पाहिला होता, खोटा रडणाराही पाहिला होता. न केलेल्या गुन्ह्यासाठी खरं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते ओळखू आलं नाही. मला वाटलं, बाई पक्की आहे. कागदाकडं पाहिलं तर लेखनिकानं लिहिलं होतं, "मी म्हशी मारल्या." 'तोंडानं' हा शब्द त्यानं गाळला होता. असल्या शब्दाला कागदावर जागा नसते, असं त्याला वाटलं असणार.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "कबूल झाली ना? मग अटक दाखवा आणि मोकळे व्हा. गाव शांत होईल." मी चार दिवस मागून घेतले. का मागितले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. डॉक्टरांचं ते एक वाक्य डोक्यात टोचत होतं, एवढंच.

चौथ्या दिवशी हजेरीनंतर आमचे मुद्देमाल सांभाळणारे हवालदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. निवृत्तीला आलेले, सगळं ठाणं त्यांना मामा म्हणायचं. चेहरा पांढराफटक.

"साहेब, माझी नोकरी गेली."

"काय झालं मामा?"

"त्या बाटलीत कायतरी वाढायलंय."

मुद्देमालाचं कपाट गावठी दारूच्या कॅननी भरलेलं, म्हणून मामांनी तिसरी बाटली खिडकीत ठेवली होती. खिडकीत सकाळचं ऊन यायचं. मी जाऊन पाहिलं. भरताना पाणी सगळं सारखं हिरवं होतं. आता वर बोटभर जाड हिरवी साय आली होती आणि खाली निळसर झाक होती. मामा म्हणाले, "सील मी तोडलं न्हाई, देवाशप्पथ." सील मी स्वतः तपासलं. लाख शाबूत, सही माझीच. बाटली हलवली तर हिरवं पाण्यात मिसळलं. चहा पिऊन परत आलो, तर ते पुन्हा वर यायला लागलेलं.

मी खिडकीपाशीच उभा राहिलो. बंद बाटलीतलं औषध वाढत नाही. घातलं तेवढंच राहतं, झालं तर कमी होतं. वाढतं ते जिवंत असतं.

"मामा, तुमची नोकरी गेली नाही. तुम्ही माझी वाचवली," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही, पण बिचारे खुर्चीवर बसले.

नोंद करून, मामांना सोबत घेऊन, ती बाटली मी सेलूला एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडं नेली. सील न तोडता त्यांनी उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिली. मग त्याच कोपऱ्यातलं ताजं पाणी मागवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला बघायला लावलं. हिरव्या बारीक ठिपक्यांचे पुंजके.

"दिसतं शेवाळासारखं. पण यातल्या काही जाती विषारी असतात, लिव्हर खातात," त्या म्हणाल्या. बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. "आमच्या समुद्रात हेच होतं. तिथले जीव वेगळे, पण रीत तीच. पावसानं शेतातलं खत आणि गावाची घाण पाण्यात उतरते. मग पाणी तापतं, वारा मंदावतो आणि यांचं फावतं. पाण्याला तांबडा रंग चढतो. तिसऱ्या, कालवं असले शिंपले हे सगळं खातात. त्यांना काही होत नाही, ते शिंपले खाणारा माणूस मात्र आजारी पडतो. तसला रंग दिसला की माझे वडील आम्हाला खाडीत उतरू द्यायचे नाहीत. तुमच्या तळ्यावर वारा कुठून येतो?"

मी पंचनाम्यातला नकाशा पुढं पसरला. वारा उगवतीकडून, मंद. म्हणजे हिरवा थर सगळा मावळतीच्या कोपऱ्यात लोटला गेला होता. त्याच कोपऱ्यावर मालकाचा गोठा. शेणामुताची नाली थेट पाण्यात आणि वरून उसाच्या खताचा निचरा. शिंगाड्याकडचं पाणी नितळ होतं.

मी थेट मालकाकडं गेलो. एकच प्रश्न विचारला. "तुमच्या म्हशी रोज कुठं पाणी प्यायच्या?"

"तिच्याच बाजूला. म्हनून तर भांडन झालं. मग मीच म्हनलं, नको ती कटकट, आपल्या गोठ्याखाली..." आणि तो थांबला. बाटली माझ्या हातात होती. माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी त्या दिवशी समोर पाहिलं.

प्रयोगशाळेचा अहवाल पुढं आला. औषधाचा अंशही नाही. केस 'सी' समरीत, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेली म्हणून, बंद झाली. पण त्याआधीच मी शिंगाडेवालीला सांगायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "कागद मला काय करायचाय साहेब? पारावर सांगा. मी तिथंच बोलले व्हते."

मग भर सकाळी पारावर उभा राहून मी सगळ्या गावाला ती बाटली दाखवली. बाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी माझ्या बोलन्यानंच तिकडं गेल्या न्हवं त्या?" मी काही बोलायच्या आत मालक उठला. "तू बोललीस म्हनून मी नेल्या. पन ते पानी मी नासवलं, बाई." एवढ्या गावासमोर एवढं बोलायला छाती लागते. त्यानं नाली वळवली, गुरं तळ्यावर न्यायचं बंद केलं आणि त्या दिवाळीला तिचे शिंगाडे पुन्हा सेलूच्या बाजारात दिसले. आमच्या ठाण्यातही एक टोपलं आलं. मामांनी सगळ्यांना वाटलं आणि स्वतः सर्वांत जास्त खाल्ले!

कबुली मिळाली की पोलीस शोध थांबवतो. मीही थांबलोच होतो. गाळलेला एक शब्द आणि चुकीच्या जागी ठेवलेली एक बाटली, एवढ्यावर एका बाईचं आयुष्य टांगलेलं होतं. पुढं नोकरीत मी लेखनिकाला एकच सांगत आलो, माणूस बोलतो ते सगळं लिहा, वेडगळ वाटलं तरी लिहा.

मागच्या वर्षी त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. वाट वाकडी करून तळ्यावर गेलो. छपराच्या जागी आता दोन खोल्या आहेत. बाई पार म्हातारी झाली आहे, पण मला आवाजावरून ओळखलं. मी ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "मावशी, पाणी द्या."

तिनं तांब्या आणला. मी हात पुढं केला, तरी तिनं तो लगेच सोडला नाही.

"त्या दिशी तुमी पानी न्हाई प्यालात साहेब. तहान लागली व्हती तुमाला. व्हट सुकले व्हते. मला दिसत व्हतं."

एवढ्या वर्षांत तिनं हे माझ्याजवळ कधी काढलं नव्हतं. मी मान खाली घातली. "चुकलं माझं, मावशी."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि तांब्या सोडला. "प्या आता."